‘किती झाले?’च्या आधी ‘काय अडलंय?’: कारखान्यातल्या सुपरवायझर आणि मॅनेजरसाठी

नाशिकजवळच्या अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे इथल्या वीस ते दीडशे माणसांच्या कारखान्यांत सुपरवायझर बहुधा दोन वाटांनी येतो. एकतर चांगला ऑपरेटर म्हणून वर चढलेला, नाहीतर डिप्लोमा करून थेट रुजू झालेला. पहिल्याला मशीन कळतं, दुसऱ्याला ड्रॉइंग कळतं. हाताखालच्या पंधरा माणसांना कसं सांभाळायचं, हे मात्र दोघांनाही कुणी शिकवलेलं नसतं. मग जे पाहिलं तेच पुढे चालतं: दर तासाला ‘किती झाले?’, रिजेक्शन निघालं की आरडाओरडा आणि दिवाळीला मिठाईचा पुडा.

हा लेख या दोघांसाठी आणि त्यांच्या मॅनेजरसाठी आहे. यात फार पैसा लागत नाही. वेळ लागतो, रोजचा साधारण तासभर. माणूस पाट्या टाकायला लागतो तो आळशी असतो म्हणून, असं क्वचितच घडतं. बहुतेकदा त्याच्या कामात रोज तेच अडथळे येतात. तो सांगतो, कुणी मनावर घेत नाही, आणि मग तो सांगायचंच सोडून देतो. त्यामुळे सुरुवात भाषणाने करायची नाही, अडथळे काढण्यापासून करायची.

आधी पगार, ओव्हरटाइम, रजा

१९५०च्या दशकात फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनियर आणि अकाउंटंट मंडळींना विचारलं की कामावर कधी फार बरं वाटलं आणि कधी फार वाईट. उत्तरांतून दिसलं की माणसाला चिडवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि कामात जीव ओतायला लावणाऱ्या वेगळ्या. कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या की माणूस वैतागतो. पण त्या नीट असल्या म्हणून पेटून उठतोच असं नाही. हुरूप येतो तो काम जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, पुढे सरकता आलं यातून. कारखान्यात याचा अर्थ एवढाच की पहिला गट बिघडलेला असताना दुसऱ्यावर मेहनत घेऊ नका. पगार बारा तारखेला करणाऱ्या कंपनीत ‘उत्कृष्ट कामगार’ची ट्रॉफी दिली तर लोकांना ती चेष्टाच वाटते.

तपासायच्या गोष्टी अशा. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत होतो का. ओव्हरटाइमचे तास नेहमीच्या दराच्या दुप्पट धरले जातात का, आणि कामगाराला ते तास स्वतः मोजून पगारपत्रकाशी ताडून पाहता येतात का. बोनस किमान ८.३३ टक्के असतो हे लोकांना माहीत असतं. पण तो कोणत्या रकमेवर काढला हे कुणी सांगत नाही, आणि दिवाळीपूर्वीची निम्मी कुजबुज त्यातूनच होते. अर्धा तास काढा, फळ्यावर एक उदाहरण सोडवून दाखवा.

ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि पीएफ हा सुपरवायझरचा विषय नाही असं समजलं जातं. मी म्हणेन, आहे. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयखाली येतो. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, कंपनी ३.२५ टक्के भरते. त्याला आणि कुटुंबाला उपचार मिळतात. नियमानुसार हप्ते भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगारही मिळतो. तरीही माणूस खासगी दवाखान्यात कर्ज काढून पैसे भरतो, कारण कार्डावर बायको-मुलांची नावंच चढवलेली नसतात, किंवा सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात नेमकं काय घेऊन जायचं हे त्याला ठाऊक नसतं. पीएफचं नॉमिनेशनही तसंच. पीएफला जोडलेल्या विम्यातून कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. नॉमिनेशन नसेल तर त्या घरच्यांना दुःखात कागदांमागे पळावं लागतं. तुमच्या पंधरा माणसांची यादी घ्या, नावासमोर तीन रकाने आखा: ईएसआयवर कुटुंब, पीएफ नॉमिनेशन, आधार जोडणी. एचआरच्या माणसाला महिन्यातून एकदा शॉपवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, बोलवा आणि रिकामे रकाने भरून घ्या. या एका यादीने जेवढा विश्वास मिळतो तेवढा कुठल्याही भाषणाने मिळत नाही.

अडचणींची वही

साधन म्हणजे लाइनवर दोरीने बांधलेली एक लांब वही. सहा रकाने: तारीख आणि शिफ्ट, मशीन, अडचण (ऑपरेटरच्याच शब्दांत), कुणाकडे दिली, कधीपर्यंत, काय झालं. सहाव्या रकान्यात ‘झालं’ लिहा किंवा ‘नाही होणार, कारण…’ लिहा. तो रकाना कोरा ठेवायची मुभा नाही.

नियम एकच पण कडक: २४ तासांत उत्तर. लक्षात घ्या, उत्तर म्हणजे उपाय नव्हे. ट्रॉलीचं चाक आज बदलता येत नसेल तर ‘चाक मागवलंय, गुरुवारी येईल’ हेही उत्तरच. वही बंद पडते ती अडचणी सुटल्या नाहीत म्हणून नाही, नोंदीनंतर काही कळलंच नाही म्हणून. दोन आठवडे नोंदी येतात, तिसऱ्या आठवड्यात वहीवर चहाचा कप दिसतो.

पहिल्या महिन्यात येणाऱ्या नोंदी साधारण सारख्याच असतात. सेकंड शिफ्टला इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं) मिळत नाही, कारण स्टोअर संध्याकाळी सहाला बंद होतं. गेज (मोजायचं साधन) एकच आणि मशीन तीन. पंख्याचा वारा भट्टीवर येतो, माणसावर नाही. सुट्टीनंतर कूलंटला (मशीन थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्याच्या मिश्रणाला) वास येतो आणि हाताला खाज सुटते. यातली शेवटची तक्रार सहसा हसण्यावारी नेली जाते, तिथे थांबा. वास म्हणजे टाकीत जिवाणू वाढले. वर तरंगणाऱ्या तेलाचा थर काढलेला नसतो, किंवा रोज नुसतं पाणी ओतून कूलंट पातळ झालेलं असतं. रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाने) प्रमाण बघा, पुरवठादाराने सांगितलेल्या टक्क्यांवर आणा, तेल काढायची वेळ ठरवा, आणि पुढच्या वेळी टाकीत पाणी ओतायचं नाही, तयार मिश्रण ओतायचं. मग ज्याने नोंद केली त्याच्यासमोर वहीत ‘झालं’ लिहा. आपल्या सांगण्याने एक टाकी साफ झाली हे त्या माणसाला दिसतं. शेजारच्या चार जणांनाही दिसतं.

सुपरवायझरच्या हातात नसलेल्या नोंदी, म्हणजे स्टोअरची वेळ किंवा नवं गेज, आठवड्यातून एकदा मॅनेजरसमोर न्यायच्या. मॅनेजरने त्यातल्या किमान दोन त्याच आठवड्यात सोडवायच्या. तेवढं होत नसेल तर वही सुरूच करू नका. आशा लावून मोडण्याइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही.

शिफ्टची पहिली वीस मिनिटं

शिफ्ट सुरू झाल्यावर लगेच कॉम्प्युटरवर बसायचं नाही. आधी सात-आठ मिनिटांची उभ्याने बैठक: काल कुणाला लागलं का, काल कुठला जॉब (मशीनवर घडवलेला भाग) रिजेक्ट झाला आणि का, आज काय काढायचं, आणि बदल असेल तर तो. दहा मिनिटांच्या वर गेली की लोक बुटांकडे बघायला लागतात. नंतर लाइनवर एक फेरी, प्रत्येक मशीनजवळ थांबून. आकडा फळ्यावर असतोच, तो विचारायचा नाही. ‘काय अडलंय?’ एवढंच विचारायचं. पहिला आठवडाभर उत्तर येईल ‘काही नाही साहेब’. मग प्रश्न बारीक करा: ‘हे फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी चौकट) लावायला काल वेळ गेला ना, क्लॅम्प सैल होतोय का?’ तुम्ही खरंच बघताय हे कळलं की तोंड उघडतं.

हाक कशी मारता, यालाही वजन आहे. पंचविशीतल्या डिप्लोमावाल्याने पन्नाशीच्या ऑपरेटरला ‘तू’ म्हटलं की पुढच्या सगळ्या सूचना त्याला टोचतात. ‘तुम्ही’ म्हणा, दादा-भाऊ-काका जे शॉपवर रुळलेलं असेल ते म्हणा. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कामगाराला नावाने हाक मारा. सरसकट ‘ए भय्या’ म्हणून ओरडण्यात तो माणूस नुसता हात होऊन जातो. कंत्राटी कामगारालाही नाव असतं. त्याला पाणी, बूट, हातमोजे आणि कॅन्टीनचं टेबल कायम कामगारासारखंच मिळतंय का, हे डोळ्यांनी बघा. ठेकेदाराच्या तोंडी हमीवर विसंबू नका.

बदल आधी सांगा. शिफ्ट बदलणार असेल तर आठवडाभर आधी, ओव्हरटाइम असेल तर शक्यतो आदल्या दिवशी. पेठ रोडवरच्या गावाला परत जाणाऱ्याची शेवटची एसटी ठरलेली असते. चार वाजता ‘आज थांबायचंय’ म्हटलं की त्याला एकतर नकार द्यावा लागतो, नाहीतर रात्री रस्त्यावर हात करत उभं राहावं लागतं.

शिकवणं

नवा माणूस पहिल्या तीन महिन्यांत सोडून जातो, याची कारणं विचारली तर पगार सांगितला जातो. खोलात गेलात तर पुष्कळदा सापडतं की त्याला कुणी नीट शिकवलंच नव्हतं. चुकत गेला, बोलणी खात गेला, शेवटी गेला. ‘त्याच्याजवळ उभा राहा आणि बघ’ याला शिकवणं म्हणत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुपरवायझरांसाठी एक प्रशिक्षण कार्यक्रम बेतला गेला. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि तिथल्या कारखान्यांत मुरला. त्यातली चार पायऱ्यांची पद्धत आजही तशीच लागू पडते. शिकवण्याआधी कामाचे तुकडे करून कागदावर तीन रकाने लिहायचे: काय करायचं, त्यातली मेख काय, आणि ती का.

उदाहरण घेऊ, डायल बोअर गेजने बोअर, म्हणजे जॉबमधल्या भोकाचा व्यास, मोजणं. जॉबचा बोअर २५ मिलिमीटर, टॉलरन्स (चालणारा फरक) शून्य ते अधिक २१ मायक्रॉन.

१. माणसाला तयार करा. त्याला आधी काय येतं ते विचारा. व्हर्नियर येत असेल तर तिथून सुरू करा. हा बोअर पुढे बेअरिंगला जातो हे सांगा, शक्य असेल तर बेअरिंग हातात द्या.

२. करून दाखवा, तीनदा. पहिल्यांदा नुसत्या कृती: जॉब पुसणे, मास्टर रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) शून्य लावणे, गेज आत घालणे, डोलवणे, वाचणे. दुसऱ्यांदा प्रत्येक कृतीतली मेख: पकड मुठीवरच धरायची, गेज मागेपुढे डोलवून काटा जिथे परत फिरतो तेच रीडिंग घ्यायचं. तिसऱ्यांदा कारणं: हाताची ऊब गेजला लागली तर मायक्रॉन सरकतात. गेज तिरकं राहिलं तर बोअर आहे त्याहून मोठा दिसतो. माणूस ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) कमी करतो आणि पुढचे सगळे बोअर खऱ्याहून लहान निघतात. असेंब्लीत बेअरिंग बसत नाही, आणि बोलणी मात्र मशीनला बसतात.

३. त्याच्याकडून करून घ्या. आधी गप्प राहून करू द्या, चूक झाली तर तिथल्या तिथे थांबवा. मग कृती बोलत, मग मेख बोलत, मग कारणं सांगत. कारण सांगता आलं नाही तर तो अजून शिकलेला नाही. पुन्हा दुसरी पायरी.

४. मोकळा सोडा, पण एकटा नको. अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव सांगा. पहिल्या दिवशी तासाला एक चक्कर, दुसऱ्या दिवशी तीनदा, मग हळूहळू कमी.

याला सुरुवातीला अर्धा-पाऊण तास जातो, आणि घाईच्या महिन्यात हाच अर्धा तास पहिल्यांदा कापला जातो. एका वेळी फार शिकवू नका. पाच-सहा मेखांच्या वर काम असेल तर दोन भाग करा.

यानंतर स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठलं काम किती येतं याचा तक्ता. बहुतेक कारखान्यांत हा तक्ता ग्राहकाच्या ऑडिटसाठी भिंतीवर लागलेला असतो, सगळ्या सह्या एकाच तारखेच्या आणि एकाच पेनाने. तो खरा करा. ओळींत माणसं, रकान्यांत ऑपरेशन, प्रत्येक चौकटीत चार भागांचा गोल. एक भाग भरला: कुणी जवळ असेल तर करतो. दोन: एकटा करतो, वेळ जास्त लागतो. तीन: ठरलेल्या वेळेत आणि दर्जात करतो. चार: दुसऱ्याला शिकवतो. गोल भरायचा तो त्या माणसासमोर, त्याने काम करून दाखवल्यावर. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाशी ठरवा की पुढचा कुठला गोल भरायचा. पगारवाढीच्या वेळी हे गोल मोजले जातात हे लिहून लावा आणि तसंच वागा. हेल्पर म्हणून आलेल्याला दोन वर्षांत आपण सेटर (मशीन जुळवून देणारा) होऊ शकतो हे त्या तक्त्यावर दिसलं पाहिजे. मॅनेजरचाही यात फायदा आहे: प्रत्येक अवघड ऑपरेशनला तीन भाग भरलेली किमान तीन माणसं असली की एकाच्या रजेने लाइन बसत नाही.

कौतुक आणि कानउघाडणी

‘छान काम करताय सगळे’ हे कुणालाच लागू होत नाही. कौतुक एका माणसाचं, एका कामाचं आणि शक्यतो त्याच दिवशी करा. ‘दादा, काल रात्री बोअर सरकायला लागल्याबरोबर तुम्ही मशीन बंद केलंत. पुढचा लॉट वाचला.’ एवढं पुरे. काहींना चार लोकांत बोललेलं आवडतं, काही लाजतात आणि नंतर त्यांची थट्टा होते. त्यांना बाजूला घेऊन सांगा. कौतुकाच्या शेपटाला ‘पण’ जोडू नका, ऐकणाऱ्याला तेवढाच शब्द ऐकू जातो.

चूक दाखवताना एकांत, पुरावा आणि प्रश्न, याच क्रमाने. ‘तुमचं लक्षच नसतं’ असं बोललात तर समोरचा फक्त स्वतःची बाजू राखायला लागतो. ‘कालच्या लॉटमध्ये सहा जॉबना आतून बर (धारदार कड) राहिली. हे बघा. काय झालं होतं?’ आणि मग गप्प बसा. उत्तर येईल की डीबरिंगचं टूल बोथट होतं, किंवा टेबलावर उजेड नाही, किंवा हा भाग बघायचा असतो हे ठाऊकच नव्हतं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि त्यातले दोन तुमच्याकडे आहेत. ऐकल्यानंतरही निष्काळजीपणाच दिसला तर स्पष्ट सांगा, तारीख घालून लिहा, पुढच्या आठवड्यात परत बघा. कानाडोळा करू नका. चांगलं काम करणाऱ्यांना याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

इन्सेन्टिव्ह कुठे चुकतो

नगावर इन्सेन्टिव्ह लावला की पहिल्या महिन्यात उत्पादन वाढतं. दुसऱ्या महिन्यात रिजेक्शनची पेटी रिकामी दिसायला लागते, कारण वाईट जॉब चांगल्यांत मिसळले जातात. पुढचं याहून वाईट: प्रेसवर दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक बांधून ठेवलं जातं, मशीनच्या गार्डचा (संरक्षक झाकणाचा) सेन्सर बायपास होतो. बोटं जातात ती अशी. माणूस बेफिकीर होता असा अहवाल लिहिला जातो. पण घाईला बक्षीस आपणच लावलेलं असतं.

द्यायचाच असेल तर एकट्याला नको, लाइनला द्या. नग नव्हे, पुढच्या विभागाने स्वीकारलेले नग मोजा. वर मर्यादा ठेवा. गार्ड किंवा सेन्सरशी छेडछाड सापडली तर सुपरवायझरसकट सगळ्या लाइनचा त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह शून्य. मात्र किरकोळ लागलं म्हणून पैसे कापू नका, नाहीतर लोक जखमा लपवतील. आणि सूत्र इतकं सोपं असू द्या की कामगाराला शिफ्ट संपताना मनातल्या मनात आपला हिशेब करता येईल. ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ मला पटत नाही. चाळीस जणांतला एक सुखावतो, दोघे-तिघे रुसतात आणि सहाव्या महिन्यापासून पाळीपाळीने नाव लागतं.

रजेचा फळा

नाशिकचा कामगार पुष्कळदा अर्धा शेतकरी असतो, आणि जो नसतो त्याचं गाव खानदेशात किंवा उत्तर प्रदेश-बिहारात असतं. त्यामुळे रजेची मागणी कधी येणार हे आधीच कळण्यासारखं आहे. जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत द्राक्षाचा खुडा, एप्रिल आणि ऑक्टोबरला छाटण्या, मार्च-एप्रिलला उन्हाळ कांद्याची काढणी, पावसाळ्यात इगतपुरी-पेठ-सुरगाण्याकडे भाताची आवणी. पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा, चैत्रात सप्तशृंगगड. खानदेशातल्यांना आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाईचा सण, बिहारवाल्यांना छठ. उन्हाळ्यात लग्नसराई. २०२७ मध्ये तर सिंहस्थ कुंभमेळा आहे; पर्वकाळात रस्ते बंद होतील, शहराच्या पलीकडच्या बाजूने येणारे शिफ्टला वेळेवर पोहोचणार नाहीत. त्या दिवसांच्या शिफ्ट, बस आणि साठा यांचं नियोजन आधीच्या तिमाहीत व्हायला हवं.

डिसेंबरात वर्षाचा मोठा तक्ता भिंतीवर लावा. प्रत्येकाने आपल्या नक्की हव्या असलेल्या रजा स्वतः लिहायच्या. एका शिफ्टमध्ये एका दिवशी दहातला एक, फार तर पंधरातले दोन, हा नियम सगळ्यांसमोर ठरवा. जास्त नावं आली तर तुम्ही निवाडा करू नका. आधी त्यांनाच आपसांत बसू द्या, नाही जमलं तर गेल्या वर्षी ज्याला मिळाली नाही त्याला आधी. एकदा दिलेली रजा मोडायची नाही. ऑर्डर आली म्हणून मंजूर रजा मोडलीत की पुढच्या वर्षी तक्त्यावर कुणी खरं लिहिणार नाही. थेट खाडा करतील आणि फोन बंद ठेवतील.

महिन्यातून पंधरा मिनिटं

प्रत्येकाशी महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटं, एकट्याने. कामाच्या वेळेत, चहाच्या सुट्टीत नाही. ती सुट्टी त्याची आहे. केबिनमध्ये बोलावलं की सगळी लाइन मान वळवते, म्हणून कॅन्टीनचा कोपरा किंवा स्टोअरजवळची बाकडी बरी. चार प्रश्न: काम कसं चाललंय, कुठे वेळ फुकट जातो, पुढे काय शिकायचंय, माझ्याकडून काय हवंय. दोन ओळी टिपून ठेवा आणि पुढच्या महिन्याची सुरुवात त्या दोन ओळींपासून करा. हाताखाली पंधराहून जास्त माणसं असतील तर हे निभत नाही. मधे लाइन लीडर नेमा आणि त्याला हे शिकवा.

कुणी अडचणीत असेल तर ते आधी हजेरीत दिसतं. वर्षानुवर्षं नियमित असलेला माणूस पगारानंतर दोन दिवस खाडा करायला लागतो, सतत फोन येऊन बाहेर जातो, डबा आणत नाही. घरचं आजारपण असेल, दारू असेल, मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपचे वसुलीवाले असतील. एकांतात, दिसलं तेवढंच बोला: ‘या महिन्यात चार खाडे झाले, तुमचं असं कधी नसतं. काही झालंय का?’ सांगेल तेवढं ऐका, खोदू नका आणि ऐकलेलं तिसऱ्याच्या कानावर घालू नका. झोप झालेली नाही किंवा मन ठिकाणावर नाही असं दिसलं तर त्या दिवशी प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्टवर ठेवू नका. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. नंबर नोटीस बोर्डवर असू द्या. पिऊन आलेल्याशी वाद घालायचा नाही, मशीनवर जाऊ द्यायचं नाही आणि बाइकवर एकट्याला परतही पाठवायचं नाही. कुणाला तरी सोबत देऊन घरी पोहोचवा, बोलणं दुसऱ्या दिवशी, शुद्धीत.

उचल देण्याचा नियम कंपनीने लिहून ठेवावा: किती, किती हप्त्यांत, वर्षातून किती वेळा. सुपरवायझरने स्वतःच्या खिशातून उसने देऊ नयेत. चार दिवसांत तो सावकार होतो आणि मग त्याला चूकही दाखवता येत नाही, रजाही नाकारता येत नाही.

स्त्रिया असलेल्या असेंब्ली आणि पॅकिंग लाइनवर पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा असतो. पाणी आहे का, कडी लागते का, जायला कुणाची परवानगी मागावी लागते का. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती कायद्याने लागते. तिच्या सदस्यांची नावं फक्त फाइलमध्ये नकोत, लाइनजवळ लावा. रात्रपाळी त्यांच्या संमतीनेच आणि घराच्या दारापर्यंत गाडी असेल तरच.

रात्रपाळीबद्दल एवढंच की तिथे मॅनेजर महिन्यातून दोनदा तरी गेला पाहिजे, पकडायला नव्हे. चहा येतो का, प्रथमोपचार पेटीला कुलूप आहे का, कुणाला लागलं तर गाडी कुठली, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

कोणी राजीनामा दिला तर

चांगला माणूस जातो म्हटल्यावर सुपरवायझर रुसतो आणि नोटिशीच्या काळात त्याच्याशी बोलत नाही. उलट तेव्हाच बोला, कारण आता तो खरं सांगेल. तीन प्रश्न: जायचा विचार पहिल्यांदा कधी आला, त्या वेळी काय घडलं होतं, आणि काय बदललं असतं तर राहिला असता. उत्तर वाद न घालता लिहून घ्या. सहा महिन्यांत तीच जागा, तीच शिफ्ट किंवा तेच नाव तीनदा आलं तर काम तिथे आहे.

हिशेब अडवू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचं वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचं असतं. अनुभवाचं पत्र शेवटच्या दिवशी हातात द्या आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख वेळेवर भरून घ्या. ती राहिली की त्याचे पैसे अडकतात आणि तो महिनोन्महिने फोन करत राहतो. अंबड-सातपूरमध्ये सेटर, वेल्डर, टूलरूमवाले एकमेकांना ओळखतात. जागा निघाली की आधी एकमेकांनाच विचारतात, आणि आधी तिथे राहून गेलेला माणूस काय सांगतो त्यावर पुढचा माणूस येतो किंवा येत नाही.